‘शिएरु’ला हसणाऱ्यांसाठी

साहित्याच्या वर्गात एक परंपरा आपण निष्ठेने जपत आलो आहोत. कुणी ‘कामूस’ म्हणाले की मागच्या बाकांवरून दबके हसू उमटते आणि समोरून दुरुस्ती येते: ‘काम्यू’. ‘गोएथे’ म्हणणाऱ्याला त्याच तत्परतेने ‘ग्यॉटे’ शिकवले जाते. यात काही गैर आहे असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. काम्यूला त्याच्याच नावाने हाक मारावी हे उचितच. प्रश्न आहे तो या दुरुस्तीमागच्या तत्त्वाचा. ‘ज्याचे नाव आहे तो ते जसे उच्चारतो तसे इतरांनी उच्चारावे’ हे ते तत्त्व असेल, तर ते सर्वांना सारखेच लागू व्हायला हवे. परंतु आपण जे पाळतो ते तत्त्व हे नव्हेच, अशी शंका घ्यायला पुरेशी जागा आहे. आपण पाळतो ते दुसरेच काहीतरी: ‘युरोपात जसे म्हणतात ते शुद्ध, बाकी सगळे अपभ्रंश.’ काम्यूच्या बाबतीत ही दोन्ही तत्त्वे एकाच उत्तराकडे नेतात, म्हणून त्यांच्यातला फरक झाकला जातो. तो उघडा पडायला एका जपानी रॉक बँडचे नाव पुरते.

१९९१ साली ओसाका शहरात स्थापन झालेल्या या बँडने स्वतःसाठी फ्रेंच शब्द निवडले. अर्थ ‘इंद्रधनुष्य’. नाव रोमन लिपीत लिहिले जाते. फ्रेंच माणूस ते ‘लार्कांसिएल’ असे, जवळजवळ एका दमात, तीन अवयवांत म्हणेल. जपानमध्ये मात्र त्याचा उच्चार ‘रारुकु आन् शिएरु’ असा होतो, आणि चाहत्यांच्या तोंडी त्याचे नुसते ‘रारुकु’ होते. (यातला ‘र’ आपल्या र आणि ल यांच्या सीमेवरचा, आणि ‘कु’मधला उकार बहुधा पुसट.) २००४ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोर येथे आणि २०१२ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हा बँड गायला, जपानी ॲनिमेच्या मार्गाने त्याची गाणी जगभर पोचली, आणि त्याबरोबर जपानबाहेरच्या चाहत्यांमध्ये एक न संपणारा वादही पोचला. एक पक्ष म्हणतो, नाव फ्रेंच आहे, तेव्हा उच्चार फ्रेंचच हवा. जपानी लोकांना तो जमत नाही, इतकेच. दुसरा पक्ष म्हणतो, ‘रारुकु’ हेच खरे नाव.

पहिल्या पक्षाचे म्हणणे विद्वत्तेचा आव आणते, म्हणूनच ते अधिक तपासून घ्यायला हवे. त्यात गृहीत असे धरले आहे की ज्यांनी हे नाव धारण केले आणि तीस वर्षांहून अधिक काळ वागवले, त्यांना स्वतःचेच नाव घेता येत नाही. हे विधान काम्यूबद्दल कुणी करून पाहावे. ते हास्यास्पद वाटेल. मग ते ओसाकाच्या चार माणसांबद्दल करताना कुणालाच हसू का येत नाही?

‘शिएरु’ हा उच्चार कुणाच्या जिभेच्या आळसातून जन्मलेला नाही. जपानी भाषेत शब्दाचा शेवट सामान्यतः स्वराने किंवा अनुनासिकाने होतो, म्हणून अंत्य व्यंजनापुढे उकार येतो. र आणि ल हे तिथे दोन वेगळे वर्ण नाहीत. आणि इकारापूर्वी ‘स’ येत नाही. त्याचा ‘श’ होतो. हे तिन्ही नियम त्या भाषेचे व्याकरण आहे, तिचे दारिद्र्य नव्हे. यातला तिसरा नियम तर मराठी वाचकाने ओळखीचे हसू हसून स्वीकारावा असा आहे. आपण ‘कसा’ म्हणतो पण ‘कशी’, ‘असा’ पण ‘अशी’. गोठ्यात एक ‘म्हैस’ असते आणि दोन झाल्या की त्या ‘म्हशी’ होतात. इकार समोर दिसताच ‘स’ने ‘श’ व्हायचे, ही आपल्याच भाषेची जुनी खोड. खेड्यापाड्यांत ‘सिमेंट’चे ‘शिमिट’ झाले आणि ‘सिनेमा’चा ‘शिनेमा’, ते याच नियमाने. ‘शिनेमा’ म्हणणाऱ्याला हसून ज्यांनी आपली शहरी प्रतिष्ठा सिद्ध केली, तेच आता ‘शिएरु’ला हसतात. दोन्ही हास्यांचा उगम एकच आहे, आणि तो भाषाशास्त्रात नाही.

‘मूळ भाषेचा उच्चार’ हा निकष किती पोकळ आहे हे इतर बँडांच्या नावांवरून आणखी स्पष्ट होते. १९९७ साली स्थापन झालेल्या ‘दिरु आन् गुरेइ’ या बँडच्या नावातला पहिला शब्द जर्मन मानतात, दुसरा फ्रेंच, तिसरा इंग्रजी. शुद्धतावाद्यांनी आता काय करायचे? एका नावात तीन देशांचे पासपोर्ट दाखवायचे? या तीन शब्दांना एकत्र बांधणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे त्यांचा जपानी उच्चार. तो काढून घेतला तर नाव उरतच नाही, तीन कोशांतले तीन सुटे शब्द उरतात.

‘बकुचिकु’ या बँडचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. १९८३ साली गुन्मा प्रांतात सुरू झालेला हा बँड आपले नाव रोमन लिपीत दोन इंग्रजी शब्दांसारखे लिहितो, आणि इंग्रजी वाचक ते ‘बक-टिक’ असे वाचून मोकळा होतो. वास्तविक ‘बकुचिकु’ हा फटाक्यांची माळ या अर्थाचा जपानी शब्द आहे. त्यावर इंग्रजी अक्षरांचा वेश चढवला आहे, इतकेच. इंग्रजी वाचन म्हणजे वेशालाच माणूस समजणे होय. २०२३ साली या बँडचा गायक आत्सुशी साकुराई याचे निधन झाले. उरलेल्या सदस्यांनी त्याच नावाने पुढे जायचे ठरवले. एवढ्या वर्षांच्या सोबतीनंतर त्या नावाला जो अर्थ प्राप्त झाला, तो कोणत्याही इंग्रजी कोशात सापडणार नाही.

‘वान् ओकु रोक्कु’ हे नावही असेच. रोमन लिपीत वाचले तर त्यात ‘ओके’ आणि ‘रॉक’ दिसतात. कानाने ऐकले तर ‘वन ओ’क्लॉक’ ऐकू येते, म्हणजे रात्रीचा एक वाजता, ही त्यांची सरावाची वेळ. र आणि ल एकच असल्यामुळे ही कोटी जपानीत सहज जमते आणि इंग्रजीत विरून जाते. याउलट ‘गुरेइ’ या दुसऱ्या प्रसिद्ध बँडने ‘करडा’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दातला ‘आर’ काढून तिथे मुद्दाम ‘एल’ घातला. जपानी कानाला या बदलाने काहीच फरक पडत नाही. तो फक्त डोळ्यांसाठी आहे. अक्षर एक सांगते, ध्वनी दुसरे सांगतो, आणि या दोहोंमधल्या फटीत हे कलावंत खेळत असतात. ज्या समीक्षेला श्लेष कळतो, यमक कळते, तिला हा खेळ कळू नये, आणि त्यात तिला केवळ अशुद्ध उच्चार दिसावा, हे त्या समीक्षेचे अपयश आहे.

आता प्रतिपक्षाचा सर्वांत सबळ मुद्दा. तो असा की, जपानी लोकांनी फ्रेंच शब्द आपल्या जिभेप्रमाणे वळवून घेतला हे जर न्याय्य, तर पुण्याच्या किंवा बर्लिनच्या चाहत्याने जपानी नाव आपल्या जिभेप्रमाणे वळवून घेतले तर त्याला दोष का द्यावा? दोष देऊच नये. मराठी माणसाने ‘लारुकु’ म्हणावे, ‘लार्क’ म्हणावे. कुणाच्या निष्ठेची परीक्षा त्यावरून घेण्याचे कारण नाही. जे चाहते ‘शिएरु’ न म्हणणाऱ्याला ‘खरा चाहता’ मानायला तयार नसतात, त्यांचाही सोवळेपणा तितकाच त्याज्य आहे. तो वरच्याच विटाळाची उलटी बाजू आहे. पण आपल्या जिभेप्रमाणे म्हणणे ही एक गोष्ट, आणि नाव धारण करणाऱ्याला ‘तू स्वतःचे नाव चुकीचे घेतोस’ असे सांगणे ही सर्वस्वी वेगळी गोष्ट. पहिली सवय आहे, दुसरी सत्ता आहे. ‘बक-टिक’ हे ऐकण्यापूर्वी अज्ञान असते. ऐकल्यानंतरही तेच बरोबर असा आग्रह धरला, तर तो उद्दामपणा होतो.

हा भेद ज्याला अमूर्त वाटत असेल, त्याने ‘टिळक’ या नावाचा विचार करावा. देशाच्या मोठ्या भागात लोकमान्यांचा उल्लेख ‘तिलक’ असा होतो. अनेक भाषकांच्या जिभेला ‘ळ’ नाही. त्यांनी ‘तिलक’ म्हटले तर आपण थोडे खंतावतो आणि सोडून देतो. पण उद्या कुणी विद्वान उठून म्हणाला, ‘मूळ संस्कृत शब्द तिलक असा आहे, तेव्हा टिळक हा मराठी लोकांचा अपभ्रंश आहे, शुद्ध नाव तिलकच’, तर? त्याच्या पांडित्याने आपण प्रभावित होणार नाही. आपण त्याला ठणकावून सांगू की शब्द कुठूनही आलेला असो, हे नाव टिळकांचे आहे आणि त्यांचे नाव टिळक आहे. व्युत्पत्ती नावाचा इतिहास सांगते, त्याची मालकी ठरवत नाही. हेच उत्तर ‘रारुकु’च्या बाबतीत फ्रेंचवाद्यांना का देऊ नये? १९९५ साली ‘बॉम्बे’चे अधिकृत नाव मुंबई झाले, तेव्हा इथे राहणारे लोक शहराला काय म्हणतात, हाच मराठीचा युक्तिवाद होता. तो युक्तिवाद आपल्यापुरता राखून ठेवता येत नाही. तो खरा असेल तर ओसाकालाही लागू आहे.

आणि मराठीकडे तर या प्रकरणात विशेष सोय आहे, जी आपण वापरत नाही. जपानी नावे आपल्याकडे इंग्रजीच्या दारातून येतात आणि येताना इंग्रजीचा चिखल घेऊन येतात. ‘तोक्यो’तला दंत्य ‘त’ आपल्याकडे असताना आपण ‘टोकियो’ लिहितो. डिसेंबर २००४ च्या आपत्तीनंतर ‘त्सुनामी’ हे जोडाक्षर वृत्तपत्रांतून रूढ झाले. वस्तुतः ‘चमचा’तला दंततालव्य ‘च’ आपल्या तोंडात जन्मापासून आहे आणि तो त्या जपानी ध्वनीच्या अगदी जवळचा आहे. पण आपण कानाने ऐकले नाही, इंग्रजी वर्ण वाचले. नात्याचा आणखी एक धागा आहे. जपानी वर्णांचा पारंपरिक क्रम आ-का-सा-ता-ना-हा-मा-या-रा-वा असा चालतो. बौद्ध भिक्षूंनी केलेल्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून, म्हणजे आपल्याच वर्णमालेच्या परंपरेतून, तो तिथे घडला. त्या क्रमात ‘ल’ची ओळ नाही. इंद्रधनुष्यवाल्या बँडला तिथे ‘रा’च्या ओळीत शोधावे लागते, आणि तो तिथे बिनदिक्कत सापडतो.

शिरीष पै यांच्यामुळे हायकू मराठीत रुजला. हायकूचे पाच-सात-पाच शिकवताना आपण विद्यार्थ्यांना सांगतो (किंवा सांगायला हवे) की ती मोजणी आपल्या अक्षरांची नसून जपानी मात्रांची आहे, आणि तिथे अनुनासिक ‘न्’लाही स्वतंत्र मात्रा मिळते. त्या मोजणीने ‘रा-रु-कु-आ-न्-शि-ए-रु’ या आठ मात्रा होतात, तर ‘वा-न्-ओ-कु-रो-क्-कु’ या बरोबर सात. फ्रेंच नावातले तीन अवयव जपानीत आठ मात्रा झाले, म्हणजे त्या नावाची लयच नवी झाली. ही मोडतोड नाही, ही पुनर्रचना आहे. कवितेचे भाषांतर शिकवताना जी गोष्ट आपण कौतुकाने सांगतो, ती एका रॉक बँडच्या नावात घडली म्हणून हलकी ठरत नाही.

असो. विषय लहान आहे हे मान्य; एका बँडचे नाव कसे घ्यावे याने साहित्याचे भवितव्य ठरणार नाही. पण वर्गात कुणाच्या उच्चाराला हसायचे आणि कुणाच्या उच्चाराला प्रमाण मानायचे, हे अशा लहान प्रसंगीच शिकवले जाते, आणि जो विद्यार्थी एकदा ‘शिनेमा’साठी हसला गेला तो पुढे बरेच दिवस हात वर करीत नाही. तेव्हा पुढच्या वेळी एखादी विद्यार्थिनी ‘रारुकु’ म्हणाली, तर तिची दुरुस्ती करण्यापूर्वी तिने ते कुठे ऐकले, एवढे विचारावे. बहुधा तिने ते त्या गायकाच्याच तोंडून ऐकलेले असेल. आपण मात्र ते केवळ वाचलेले असते.