टाचेतला थेंब आणि तीस डाल्टनांचा फरक

सिल्वासा येथील नमो वैद्यकीय शिक्षण आणि संशोधन संस्थेचे लोकार्पण एप्रिल २०२३ मध्ये झाले. त्यानंतर ७ मार्च २०२५ रोजी ४५० खाटांच्या नमो रुग्णालयाचा पहिला टप्पाही सुरू झाला. इमारती उभ्या राहिल्या, डॉक्टर घडू लागले. आता संस्थेच्या नावातील ‘संशोधन’ या शब्दाकडे पाहावयास हवे. त्यासाठी विषय दूर शोधण्याची गरज नाही. २०११ च्या जनगणनेनुसार दादरा आणि नगर हवेलीतील सुमारे ५२ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. वारली, कोकणा, धोडिया अशा समाजांच्या या पट्ट्यात सिकलसेल हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

१ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचे आणि २०४७ पर्यंत उच्चाटनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. तपासणीनंतर हाती येणारे कार्ड विवाहेच्छू तरुणाला उपयोगी पडते, कारण आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी निघण्याची शक्यता २५ टक्के असते. परंतु जे बाळ आजार घेऊनच जन्मले, त्याच्यासाठी प्रत्येक महिना मोलाचा असतो. त्याची प्लीहा लवकर निकामी होऊ लागते आणि साधा वाटणारा जंतुसंसर्ग जिवावर बेततो. पेनिसिलिन पहिल्या काही महिन्यांतच सुरू करावे लागते. भारतीय आदिवासींमधील सिकलसेल सौम्य असतो, असे पूर्वी सर्रास म्हटले जाई. ते प्रत्येक बाळाबाबत खरे नाही.

अडचण अशी की, शिबिरांत वापरली जाणारी विद्राव्यता चाचणी नवजातासाठी भरवशाची नाही. जन्मतः रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनच अधिक असते आणि सदोष हिमोग्लोबिन त्यात झाकले जाते. येथेच मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंचे वस्तुमान मोजणारे यंत्र, कामास येते.

सिकलसेलमध्ये बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. व्हर्नन इन्ग्राम यांनी १९५६-५७ मध्ये दाखवून दिलेल्या या बदलाने साखळीचे वजन १५,८६७ डाल्टनांवरून १५,८३७ होते. तीस डाल्टन म्हणजे हजारात दोन भागांहूनही कमी, पण यंत्राला हा फरक सहज दिसतो. टाचेतून घेतलेला थेंब कागदावर वाळवतात, प्रयोगशाळेत त्यातील प्रथिन ट्रिप्सिनने कापतात, तुकड्यांना विद्युतभार देतात आणि ते वस्तुमानानुसार वेगळे होतात. एवढे मोठे रेणू न मोडता मोजता यावेत यासाठी शोधलेल्या पद्धतींबद्दल जॉन फेन आणि कोइची तानाका यांना २००२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. ब्रिटन आणि फ्रान्समधील काही प्रयोगशाळा नवजातांच्या सिकलसेल तपासणीसाठी हेच तंत्र वापरतात.

मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. हिमोग्लोबिन ‘ई’ किंवा ‘डी-पंजाब’ यांच्या साखळीत फरक जेमतेम एका डाल्टनाचा असतो. तो अखंड साखळीत सहसा हाती लागत नाही, तुकडे करावेच लागतात. बीटा थॅलेसेमियात तर साखळीचे वजन बदलत नाही, तिचे प्रमाण घटते. शिवाय केवळ सिकलसेलच शोधायचा असेल तर एचपीएलसी हे प्रचलित आणि विश्वासार्ह साधन पुरेसे आहे, आणि प्रतिपिंडांवर आधारलेल्या काही झटपट चाचण्या नवजातांतही चालतात.

मग या महागड्या यंत्राचा आग्रह कशासाठी? कारण त्याच थेंबातून चयापचयाचे कित्येक जन्मजात विकारही ओळखता येतात. गोव्याने २००८ मध्ये अशा विकारांसाठी नवजातांची तपासणी सुरू केली, हे लहान प्रदेशांनी लक्षात ठेवण्याजोगे उदाहरण आहे.

तरीही सिल्वासाने लगेच यंत्र विकत घ्यावे, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. येथील जन्मसंख्येत असे यंत्र बराच काळ रिकामे बसेल, आणि फीत कापल्यानंतर तंत्रज्ञाअभावी झाकून ठेवलेली यंत्रे सरकारी रुग्णालयांना नवी नाहीत. वाळलेला थेंब टपालाने जाऊ शकतो. मुंबईच्या परळ येथील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेने सिकलसेलवर वर्षानुवर्षे काम केले आहे, तर दक्षिण गुजरातच्या आदिवासी भागात नवजातांच्या तपासणीचा प्रयोगही झालेला आहे. अशा संस्थांशी करार, प्रसूतिगृहात नमुना घेणारी प्रशिक्षित परिचारिका आणि अहवाल परत आणण्याची चोख व्यवस्था एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. वैद्यकीय महाविद्यालयाने पाच-सात वर्षांचे नमुने आणि नोंदी जपल्या, तर कोणत्या समाजात कोणते हिमोग्लोबिन किती आहे याचे स्थानिक चित्रही तयार होईल.

खरी कसोटी प्रयोगशाळेबाहेर आहे. प्रसूतीनंतर दोन-तीन दिवसांत माता खानवेलपलीकडच्या पाड्यावर परतते. काही आठवड्यांनी अहवाल आला की तो घेऊन त्या घरी कोण जाणार, पेनिसिलिनची पहिली मात्रा कोण देणार आणि पुढची तारीख कोणाच्या वहीत लिहिली जाणार, हे आधी ठरायला हवे. निविदेचा कागद त्यानंतर काढता येईल.