वाळू आपली, चुंबक परके

गेल्या शतकाच्या आरंभी त्रावणकोर संस्थानातून काथ्याच्या गासड्या युरोपात जात असत. त्या काथ्याला चिकटून गेलेल्या वाळूत शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला १९०९ मध्ये मोनाझाइट हे खनिज सापडले. मोनाझाइटमधील थोरियम तेव्हा गॅसबत्तीच्या मेंटलसाठी लागत असे. परिणामी केरळच्या किनाऱ्यावरची वाळू जहाजात भरून बाहेर जाऊ लागली. ज्या बत्त्या डोक्यावर घेऊन महाराष्ट्रातील लग्नाच्या वराती निघत, त्यांचा लखलखाटही थोरियमचाच असे. मात्र त्या वाळूचे आपल्याच देशात काही करता येईल, हा विचार करणारा त्या काळी कोणी नव्हता.

या मोनाझाइटमध्ये थोरियमबरोबर आणखीही काही असते. त्याला ‘दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये’ असे नाव आहे. ही एकूण सतरा. नाव फसवे आहे, कारण त्यांतील सेरियम भूकवचात जवळपास तांब्याइतके आढळते. दुर्मिळ आहे ती ही मूलद्रव्ये एकमेकांपासून वेगळी करण्याची विद्या. त्यांचे रासायनिक गुणधर्म इतके सारखे असतात की, आम्ल आणि द्रावकांच्या शेकडो टप्प्यांतून मिश्रण पुनःपुन्हा फिरवावे लागते, आणि मागे किरणोत्सारी गाळ उरतो. निसर्गाने दिलेले द्रव्य आणि बाजारात मिळणारे द्रव्य यांत हे अंतर आहे. टंचाई, भाव आणि राष्ट्राराष्ट्रांतील दबाव, सारे याच अंतरात जन्म घेतात.

हे अंतर चीनने ओळखले. अरबांकडे तेल आहे तशी चीनकडे ही मूलद्रव्ये आहेत, अशा आशयाचे उद्गार डेंग श्याव-पिंग यांच्या नावावर १९९२ पासून सांगितले जातात. त्याआधी अनेक वर्षे या क्षेत्रात अमेरिकेच्या कॅलिफोर्नियातील माउंटन पास खाणीचे राज्य होते. चीनने भाव इतके पाडले की पर्यावरणाच्या तक्रारींनी आधीच जेरीस आलेली ती खाण २००२ मध्ये बंद पडली. भारतातही तेच घडले. १९५० मध्ये स्थापन झालेल्या इंडियन रेअर अर्थ्स या सरकारी कंपनीने २००४ च्या सुमारास ही मूलद्रव्ये वेगळी करण्याचे काम थांबवले. चिनी माल स्वस्त मिळतो, मग आटापिटा कशाला? हिशेबनिसाच्या दृष्टीने निर्णय चोख होता.

त्या स्वस्ताईचे मोल २०१० मध्ये कळले. सेन्काकू बेटांजवळ चिनी मासेमारी नौकेच्या कप्तानाला जपानने अटक केली आणि काही दिवसांतच जपानकडे जाणारा या मूलद्रव्यांचा पुरवठा आटला. पुढच्या वर्षी काही मूलद्रव्यांचे भाव दहापटींहून अधिक चढले. अमेरिका, युरोप आणि जपान जागतिक व्यापार संघटनेत गेले, २०१४ मध्ये खटला जिंकलेही. पण तोवर चीनने पुन्हा भाव उतरू दिले होते. मोठ्या आशेने पुन्हा सुरू झालेली माउंटन पासची कंपनी २०१५ मध्ये दिवाळखोरीत निघाली. भाव चढवणे हे एक शस्त्र, उतरवणे हे दुसरे. आणि दुसऱ्याचा घाव अधिक खोल जातो, कारण तो लागताना ग्राहकाला आनंदच होत असतो!

४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सात मूलद्रव्यांवर आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यात परवान्याचे बंधन घातले. विजेवर चालणाऱ्या दुचाकीच्या मोटारीत बसणारा चुंबक तळहातावर मावेल एवढा. पण त्याच्यासाठी पुण्याच्या बजाज ऑटोला आपले उत्पादन कमी करण्याची वेळ येईल, असे त्याच जुलैमध्ये जाहीरपणे सांगावे लागले. ज्या देशाकडे या मूलद्रव्यांचे जगातील तिसऱ्या क्रमांकाचे साठे आहेत असे मानले जाते, त्या देशाची ही अवस्था. जागतिक उत्पादनात भारताचा वाटा एक टक्काही नाही.

येथे एक जुना प्रसंग आठवणे उचित ठरेल. १९५१ मध्ये देशात अन्नधान्याची तीव्र टंचाई होती आणि भारताने अमेरिकेकडे वीस लाख टन गहू मागितला होता. बदल्यात मोनाझाइट मिळाले पाहिजे, असा आग्रह अमेरिकी काँग्रेसमधील काही सदस्यांनी धरला. पंडित नेहरूंच्या धोरणांविषयी मतभेद कितीही असोत, या प्रसंगी त्यांनी अट मानली नाही. गहू अखेर कर्जाने आला. भुकेच्या तोंडावर वाळू राखणाऱ्या देशाने पुढे पन्नास वर्षांनी केवळ स्वस्ताईपोटी त्या वाळूचे काम थांबवावे, हे चमत्कारिकच म्हटले पाहिजे.

अर्थात वाळू उपसली की प्रश्न सुटला, असेही नाही. केरळमधील आलप्पाड गावच्या लोकांनी २०१८-१९ मध्ये वाळूउपशाविरुद्ध आंदोलन केले, कारण समुद्र त्यांची जमीन गिळत होता. राष्ट्रहिताच्या नावाने त्यांचे म्हणणे झटकून टाकणे न्यायाचे नव्हे. शिवाय उष्णता सोसणाऱ्या चुंबकांना लागणारे डिस्प्रोसियम आणि टर्बियम भारतीय मोनाझाइटमध्ये नगण्य आहे. ते बाहेरूनच आणावे लागेल, आणि त्यासाठी मैत्रीचे करार शांततेच्या काळातच करावे लागतील. जपानने २०११ मध्येच ऑस्ट्रेलियातील लायनस कंपनीत पैसा गुंतवून चीनवरचे अवलंबन बरेच कमी केले.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने चुंबकनिर्मितीसाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. वर्षाला ६,००० टन क्षमतेचे कारखाने उभे करण्याचा संकल्प आहे. स्वागतार्ह पाऊल आहे. पण खरी परीक्षा कारखाने सुरू झाल्यानंतरची आहे. खुल्या बाजाराचे पाठ जगाला देणाऱ्या अमेरिकेने जुलै २०२५ मध्ये माउंटन पासच्या नव्या मालकांना निओडिमियम-प्रासिओडिमियमसाठी किलोला ११० डॉलरचा किमान भाव दहा वर्षांसाठी बांधून दिला. भारतीय योजनेत उत्पादकाला विक्रीवर पाच वर्षे प्रोत्साहन मिळेल. त्या पाच वर्षांत किंवा सहाव्या वर्षी चिनी चुंबक पुन्हा निम्म्या भावात बंदरावर येऊन उभा राहील, तेव्हा चाकणमधला खरेदी अधिकारी कोणत्या मागणीपत्रावर सही करील?