सुवर्णपदक कोणास व कशासाठीं ?

पदवीदान-समारंभाचा हंगाम आला कीं वर्तमानपत्रांतून एक ठरीव छायाचित्र झळकूं लागतें. झगा घातलेला विद्यार्थी, त्याच्या हातांत सुवर्णपदक, शेजारीं कुलगुरु, आणि मागच्या रांगेंत डोळे पुसणारे आईबाप. हें छायाचित्र आम्हीही छापतों व आनंदानें छापतों. ज्या घरांत पहिल्यांदाच पदवी आली, त्या घराच्या भिंतीवर तें पुढें पन्नास वर्षें टांगलेलें राहतें, हें आम्हांस ठाऊक आहे. त्या आनंदावर विरजण घालण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु इंजिनिअरिंगच्या शाखेंतील पदकांविषयीं एक प्रश्न विचारणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों. हें पदक नेमकें कशाचें मोल करतें, आणि ज्या समाजाच्या पैशावर हीं विद्यालयें उभीं राहिलीं त्या समाजाच्या पदरांत त्यामुळें काय पडतें ?

पदकाला एके काळीं फार मोठा अर्थ होता. पुण्यास १८५४ सालीं इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला तो रस्ते, कालवे व इमारती यांच्या कामीं साहेबाच्या हाताखालीं दुय्यम नोकर तयार करण्यासाठीं. १८५७ त मुंबई विश्वविद्यालय स्थापन झालें व पुढें हें विद्यालय त्यास जोडलें गेलें. याच पुण्यांत म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ति घेऊन एक तरुण आला. लहानपणींच त्याचें पितृछत्र हरपलें होतें व शिकवण्या करून तो बंगळुरास बी. ए. झाला होता. १८८३ सालीं मुंबई इलाख्याच्या इंजिनिअरिंग परीक्षेंत तो पहिला आला व जेम्स बर्कले पारितोषिकाचा मानकरी ठरला. १८८४ त मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यांत त्याची असिस्टंट इंजिनिअर म्हणून नेमणूक झाली. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हें त्याचें नांव सांगण्याची गरज नाहीं.

त्या काळची स्थिति ध्यानांत घेतली म्हणजे या पारितोषिकाचें खरें वजन कळतें. बांधकाम खात्यांतील वरच्या जागा भरण्यासाठीं विलायतेंत कूपर्स हिल येथें स्वतंत्र विद्यालय चालविलें जात होतें व तें १९०६ पर्यंत चाललें. तेथून निघालेल्या गोऱ्या तरुणासाठीं हिंदुस्थानांतील खुर्ची जणूं आधींच मांडून ठेवलेली असे. एतद्देशीय विद्यार्थ्यासाठीं दार फक्त किलकिलें होतें, आणि त्या फटींतून आंत शिरण्याचा परवाना म्हणजे पहिला क्रमांक. पदक हा तेव्हां दागिना नव्हता, किल्ली होती.

पण त्या किल्लीनें दार उघडल्यावर पुढें काय झालें, हें अधिक महत्त्वाचें आहे. खडकवासल्याच्या धरणावर १९०३ सालीं विश्वेश्वरय्यांनीं आपोआप उघडमीट होणारे दरवाजे बसविले. पुराचें पाणी ठराविक पातळीवर चढलें कीं दरवाजे आपण होऊन उघडावे व पाणी उतरलें कीं मिटावे, अशी ती योजना होती. धरणाची भिंत न वाढवितां पाण्याचा सांठा वाढला. त्या दरवाजांस त्यांच्या कर्त्याचे गुण कोणीं विचारले नाहींत. विद्यार्थ्यास दिलेलें पारितोषिक योग्य होतें कीं नाहीं, याचा निकाल परीक्षक लावीत नसतो. वीस वर्षांनीं पाणी लावतें, पूल लावतो, रस्ता लावतो.

याच खडकवासल्यानें पुण्यास दुसराही धडा शिकविला. १२ जुलै १९६१ रोजीं काम पुरें न झालेलें पानशेत धरण फुटलें, त्या लोंढ्यानें खडकवासल्याचा बांध वाहून नेला, आणि नदीकांठचें पुणें बुडालें. उत्तरपत्रिकेंत आंकड्याची चूक झाली तर दोन गुण जातात. बांधाच्या कामीं चूक झाली तर शहर जातें. सावधपणा, वरिष्ठास 'हें काम अद्याप भरंवशाचें नाहीं' असें तोंडावर सांगण्याचें धैर्य, मजुराच्या जिवाची काळजी, हे इंजिनिअरचे पहिले गुण होत. आणि नेमके हेच गुण मोजण्याचा रकाना आमच्या गुणपत्रिकेंत नाहीं.

ज्या बर्कलेसाहेबाच्या नांवानें तें जुनें पारितोषिक होतें, तो जी. आय. पी. रेल्वेचा मुख्य इंजिनिअर. १८५३ त मुंबई-ठाणें गाडी धांवली ती त्याच्या देखरेखीखालीं, आणि बोरघाटाच्या लोहमार्गाची आंखणीही त्याचीच. घाटाची वाट १८६३ त खुली झाली. तो स्वतः त्याच्या आदल्या वर्षींच वारला. अशा माणसाचें स्मारक झालें हें योग्यच झालें. परंतु त्याच घाटांत पटकी, ताप व सुरुंगांचे अपघात यांनीं हजारो मजूर मेले. त्यांच्या नांवाचें पदक कोठें आहे ? त्यांचीं नांवेंच कोणीं लिहून ठेविलीं नाहींत. मुख्य इंजिनिअरची स्मृति सोन्यांत आणि मजुराची स्मृति मातींत, ही वांटणी राज्य परक्यांचें होतें तोंवर समजण्यासारखी होती. स्वराज्यांत ती तशीच चालूं रहावी याची आम्हांस लाज वाटते.

आतां पैशाची गोष्ट. वकिलीच्या धंद्यामुळें जुनीं दानपत्रें चाळण्याचा प्रसंग आम्हांस येतो. समजा, शंभर वर्षांपूर्वीं एका सद्गृहस्थानें हजार रुपये विश्वविद्यालयाकडे ठेविले व शेंकडा चार व्याजांतून दरसाल पारितोषिक द्यावें असें लिहिलें. तेव्हांचे ते चाळीस रुपये म्हणजे शाळामास्तराच्या महिन्याच्या पगाराच्या तोलाची रक्कम. आज त्या चाळीस रुपयांत इंजिनिअरिंगचें एक जुनें पुस्तकही मिळत नाहीं. दात्याचा हेतु मेला, फक्त त्याचें नांव यादींत उरलें. आणि कित्येक ठिकाणीं सुवर्णपदकांत सोनें मुलाम्यापुरतेंच राहिलें. कायदा याबाबतींत आंधळा नाहीं. मूळ उद्देश निष्फळ झाला तर दात्याच्या हेतूच्या जास्तींत जास्त जवळ जाईल अशा रीतीनें धर्मादाय निधीचा विनियोग करावा, हें तत्त्व न्यायालयांनीं फार पूर्वींपासून मानलें आहे, आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेच्या कायद्यांत कलम ५५ नें त्यास जागा दिलेली आहे. विश्वविद्यालयांचे कायदे निराळे असले तरी न्याय तोच. दहा मृतप्राय निधि एकत्र करून एक जिवंत पारितोषिक उभें करण्यास कायद्याची अडचण कमी व चिटणिसांच्या आळसाची अडचण अधिक, असें आमचें मत आहे.

जुन्या दानपत्रांत 'अमुक ज्ञातीच्या विद्यार्थ्यास' अशी अट पुष्कळदां आढळते. त्या दात्यांस आम्ही दोष देत नाहीं. ज्याचा त्यानें आपला गोतावळा सांभाळावा अशीच तेव्हांची रीत होती. परंतु जी ज्ञाति शतकानुशतकें विद्येच्या ओसरीवर बसलेली आहे तिच्यासाठीं पदक राखून ठेवणें, आणि जिला त्या ओसरीची पायरीही चढूं दिली नाहीं तिच्या मुलास हात देणें, या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिली भिंत बांधते, दुसरी भिंत पाडते.

स्त्रियांविषयींही असेंच. सुधा मूर्ति या हुबळीच्या विद्यालयांत वर्गांतील एकुलती एक मुलगी. पुढें बंगळुरास एम्. ई. झाल्या व दोन्ही ठिकाणीं पहिल्या आल्या. तरी १९७४ सालीं टेल्कोच्या जाहिरातींत स्त्रियांनीं अर्ज करूं नयेत असें छापलेलें त्यांनीं वाचलें. पदकें त्या फाटकाशीं निरुपयोगी ठरलीं. फाटक उघडलें तें जे. आर्. डी. टाटा यांस धाडलेल्या एका पोस्टकार्डानें, आणि पुण्याच्या कारखान्यांत त्या कामावर रुजू झाल्या. याचें श्रेय त्या मुलीच्या धिटाईस व टाटांच्या मोठेपणास आहे. पदक देऊन स्वस्थ बसणाऱ्या समाजास मुळींच नाहीं.

यावर कोणी म्हणेल, गुण हेंच निःपक्षपाती माप आहे. तें सोडलें कीं वशिला शिरला. हा आक्षेप खरा आहे व आम्ही तो हलका मानीत नाहीं. म्हणूनच परीक्षेचें पदक काढून टाका असें आम्ही म्हणत नाहीं. गरिबाच्या मुलास नांव न पाहतां तपासलेल्या उत्तरपत्रिकेइतका दुसरा आधार नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं त्याच्या जोडीस दुसरें पदक हवें, आणि तें केलेल्या कामासाठीं हवें. वशिल्यावर उपाय न्यायमंदिरांत फार दिवसांपासून सांपडलेला आहे : न्यायाधीश बाहेरचा असावा, निर्णय उघड असावा, आणि कारणें लेखी असावीं. निवडमंडळांत दुसऱ्या विश्वविद्यालयाचा एक अध्यापक, एक कसलेला इंजिनिअर, आणि ज्यांच्यासाठीं तें काम केलें त्यांच्यापैकीं एक माणूस बसावा.

काम कसलें, असें विचाराल तर एकच उदाहरण पुरे. माणसाकरवीं हातानें मैला साफ करविण्याची रीत बंद करण्यासाठीं १९९३ त कायदा झाला, २०१३ त अधिक कडक कायदा झाला. गटारांत मेलेल्यांच्या वारसांस दहा लक्ष रुपये द्यावे असें सर्वोच्च न्यायालयानें २०१४ त ठरविलें व २०२३ त ती रक्कम तीस लक्ष केली. तरी माणसें मरतच आहेत. कायदा बंदी घालूं शकतो, पण गटार साफ करूं शकत नाहीं. तें काम यंत्राचें आहे. केरळांतील कांहीं तरुण इंजिनिअरांनीं 'बँडिकूट' नांवाचें यंत्र तयार करून २०१८ सालीं तें मनुष्याच्या ऐवजीं मॅनहोलांत उतरविलें. आमच्या दृष्टीनें सुवर्णपदकाचे खरे धनी असे विद्यार्थी होत.

तेव्हां आमच्या सूचना थोड्या आहेत. मृतप्राय निधि एकत्र करावे. ज्ञातीच्या भिंती जेथें कायदेशीर मार्गानें पाडतां येतील तेथें पाडाव्या. प्रत्येक विश्वविद्यालयानें लोकोपयोगी कामासाठीं एक मोठें पारितोषिक ठेवावें व त्याची रक्कम ती योजना प्रत्यक्षांत उतरविण्यापुरती असावी. आणि पुण्याच्या ज्या विद्यालयास २०२२ पासून स्वतंत्र विश्वविद्यालयाचा दर्जा लाभला आहे, त्यानें बोरघाटांतील अनामिक मजुरांच्या नांवानें एक पदक स्थापावें. मजुराचा जीव वांचविणारी युक्ति जो विद्यार्थी काढील त्यास तें द्यावें. हें होण्यास सरकारी ठरावाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. त्या विद्यालयांतून शिकून जे पैकेवाले झाले, त्यांनीं आपल्या एका महिन्याच्या मिळकतीकडे पाहिलें तरी पुरे.

पदक मिळविलेल्या मुलामुलींस आमचें मनःपूर्वक अभिनंदन. त्यांनीं तें भिंतीवर अवश्य लावावें. परंतु वीस वर्षांनीं त्याच्याकडे पाहतांना आपण बांधलेल्या कांहीं तरी कामाची आठवण व्हावी, इतकी खबरदारी त्यांनीं आजपासूनच घ्यावी.