फाडफाड इंग्रजीच्या विरोधात

महाड घ्या, पोलादपूर घ्या, नाहीतर माणगाव. एसटी स्टँडच्या आसपास, झेरॉक्सच्या दुकानाच्या शटरवर किंवा विजेच्या खांबावर एक जाहिरात हमखास असते : अमुक दिवसांत फाडफाड इंग्रजी बोला. ‘फाडफाड’ हा शब्द मला फार बोलका वाटतो. कापड फाडल्याचा आवाज आहे तो. समोरच्याला काय कळलं, त्यानं काय उत्तर दिलं, याच्याशी या शब्दाला देणंघेणं नाही. बोलणाऱ्यानं फाडत सुटायचं आणि ऐकणाऱ्यानं गप्प बसायचं, एवढंच चित्र त्यात आहे. माझं म्हणणं असं की आपल्याकडचं इंग्रजीचं बहुतेक सगळं शिक्षण याच चित्रावर उभं आहे, आणि त्याची पोल सगळ्यात आधी ‘फ्रेझल व्हर्ब’ नावाच्या प्रकरणात उघडी पडते.

हे प्रकरण व्याकरणाच्या गाइडात शेवटी येतं. दोन रकाने असतात. डावीकडे ‘पुट ऑफ’, उजवीकडे ‘पुढे ढकलणे’. डावीकडे ‘पुट आउट’, उजवीकडे ‘विझवणे’. पुढे ‘पुट अप विथ’, ‘पुट डाउन’, अशी शंभर-दीडशेची रांग. मुलं पाढ्यांसारखी पाठ करतात, गाळलेल्या जागा भरतात, मार्क मिळवतात आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरतात. विसरणारच. एकटं ‘पुट डाउन’ घ्या : खाली ठेवणं, टिपून घेणं, चारचौघांत अपमान करणं, आजारी जनावराला दयेपोटी मारणं, हे सगळं त्यात येतं. यातला कोणता अर्थ कुठे, हे रकाना सांगत नाही. ते बोलण्यातल्या प्रसंगावरून कळतं.

हे परक्याला जड जातं ही गोष्ट इंग्रजांनाही ठाऊक होती. सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच म्हणून ठेवलंय की क्रियापदाला छोटं अव्यय जोडून अर्थ बदलण्याची ही रीत परदेशी माणसाला सर्वात जास्त छळते. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र बऱ्याच उशिरा रुळलं. लोगन पिअरसॉल स्मिथच्या १९२५च्या पुस्तकातून ते पसरलं. २००७ मध्ये गार्डनर आणि डेव्हिस या दोन अभ्यासकांनी दहा कोटी शब्दांच्या ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमधून अशी क्रियापदं मोजली. फक्त २० क्रियापदं आणि आउट, अप, डाउन, बॅक यांसारखी ८ अव्ययं, यांच्या जोड्यांनीच निम्म्याहून अधिक वापर व्यापलेला निघाला. म्हणजे शब्द थोडे आहेत आणि तेही सोपे : गो, कम, टेक, पुट, गेट. पण सर्वात जास्त वापरल्या जाणाऱ्या शंभर जोड्यांना सरासरी पाचाहून अधिक अर्थ आहेत. पाठांतराने सुटणारं हे गणित नाही. थोड्या गोष्टी पुन्हापुन्हा, वेगवेगळ्या प्रसंगांत वापरूनच ते सुटतं.

आता मराठीकडे या. पोलादपूरच्या कुठल्याही घरातलं चार वर्षांचं पोर घ्या. त्याला ‘दूध पी’ आणि ‘दूध पिऊन टाक’ यातला फरक कळतो. दुसऱ्यात आईचा धीर सुटत आलाय आणि पेल्यात काही उरता कामा नये, हे त्याला बरोबर समजतं. आठ वर्षांच्या मुलीला ‘लिहून घे’, ‘लिहून दे’, ‘लिहून ठेव’, ‘लिहून काढ’ आणि ‘लिहून टाक’ यांतलं अंतर कुणी समजावून सांगत नाही. लिहून घे स्वतःसाठी, लिहून दे दुसऱ्यासाठी, लिहून ठेव पुढे लागेल म्हणून, लिहून काढ पहिल्यापासून शेवटपर्यंत, लिहून टाक म्हणजे एकदाचं उरक. ‘तो बोलला’ आणि ‘तो बोलून बसला’ यात आख्खी भानगड लपलेली आहे. आपलं व्याकरण याला संयुक्त क्रियापद म्हणतं. घे, दे, टाक, काढ, ठेव, जा, बस, सोड ही मूठभर क्रियापदं दुसऱ्याच्या मागे उभी राहतात, आपला मूळ अर्थ निम्मा सोडतात आणि मुख्य क्रियेला वळण देतात. इंग्रजीत हे काम अप, आउट, ऑफ, डाउन करतात. यंत्र वेगळं, काम पुष्कळसं तेच.

आणि जोड्या पाहिल्या तर गंमतच आहे. शोधून काढ : फाइंड आउट. फेकून दे : थ्रो अवे. निघून जा : गो अवे. उठून बस : सिट अप. हाकलून दे : थ्रो आउट. खपवून घे : पुट अप विथ. अंगावर घे : टेक ऑन. उडवून लाव : ब्रश ऑफ. ‘खपवून घेणे’ ज्याला येतं त्याला ‘पुट अप विथ’ अवघड का वाटावं? कारण त्याला ते ‘सहन करणे’ या जड शब्दाच्या शेजारी बसवून शिकवलं गेलं. घरातल्या शब्दाला घरातला शब्द जोडून दिलाच नाही.

इथे कुणी म्हणेल, हा भाषाप्रेमाचा उमाळा झाला. तसं नाही. १९८५ मध्ये डागुट आणि लाउफर यांनी दाखवलं की हिब्रू बोलणारे विद्यार्थी इंग्रजीतली ही क्रियापदं टाळतात आणि एकशब्दी क्रियापदाच्या आडोशाला जातात. त्यांच्या भाषेत असा प्रकारच नाही, हे त्यांनी कारण दिलं. मग १९८९ मध्ये हुल्स्टाइन आणि मार्चेना यांनी डच विद्यार्थी तपासले. डचमध्ये हा प्रकार भरपूर आहे, तरी तेही काही वेळा टाळतातच. कधी अर्थ आडवळणाचा म्हणून, कधी आपल्या भाषेशी फारच जुळतंय म्हणून संशय येतो म्हणून. या दोन्हींतून मी एवढंच घेतो : पहिल्या भाषेचा या शिकण्याशी संबंध आहे, आणि साम्य नुसतं असून भागत नाही, ते कुणीतरी दाखवून द्यावं लागतं. आमच्याकडे दाखवून द्यायला मास्तरांना बंदी आहे. वर्गात मराठी बोलू नका.

ही बंदी म्हणजे आजच्या इंग्रजी शिकवणीतली सर्वात मोठी अंधश्रद्धा आहे. तिचे समर्थक म्हणतात, पोहायला शिकायचं तर पाण्यात उडी मारावी लागते. बोलण्यातून शिकायचं तर इंग्रजीच बोललं पाहिजे. ऐकायला पटतं. पण उडी मारायला आधी पाणी हवं. लंडनला गेलेल्या मुलाभोवती दिवसभर इंग्रजी वाहत असतं. कापडे किंवा बिरवाडीच्या मुलाभोवती ते नसतं. वर्गात वीस मुलं, त्यातल्या एकालाही इंग्रजीत संभाषण येत नाही, शिक्षकाला स्वतःची धास्ती, आणि वर मराठी बोललं तर दंड. अशा खोलीत शांतता पिकते. ‘मे आय कम इन सर’ आणि ‘मे आय गो टू टॉयलेट’ या दोन वाक्यांवर दहा वर्षं निघतात. संभाषणाला दोन गोष्टी लागतात : समोर माणूस आणि सांगण्यासारखं काहीतरी. सांगण्यासारखं जे काही आहे ते त्या मुलाच्या डोक्यात मराठीत आहे. त्या दारालाच कुलूप लावून तुम्ही कसलं संभाषण घडवणार?

आधीच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. त्यातली वाक्यं जुनाट होती, पण मराठीतून इंग्रजीत जायचा पूल होता. आपण पूल जुना झाला म्हणून पाडला आणि नवा बांधलाच नाही. सावित्रीकाठच्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

दुसरी तक्रार पुस्तकी इंग्रजीची. आपल्याकडे इंग्रजी आली ती कचेरीतून, कोर्टातून आणि परीक्षेतून. चुलीपाशी ती कधी आलीच नाही. म्हणून आपल्याला ‘पोस्टपोन’ येतं, ‘टॉलरेट’ येतं, ‘इन्व्हेस्टिगेट’ येतं, आणि ‘पुट ऑफ’, ‘पुट अप विथ’, ‘लुक इन्टू’ येत नाही. उलट्या बाजूने विचार करा. एखादा परदेशी माणूस महाडच्या भाजीबाजारात येऊन म्हणाला, ‘मी खरेदी स्थगित करतो’, तर भाजीवाली मावशी हसेल. शब्द बरोबर, जागा चूक. आपण इंग्रजीत नेमकं असंच बोलतो आणि त्यालाच उच्च इंग्रजी समजतो.

यात खरोखरचं नुकसान आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. इथलं सगळं बोलणं या क्रियापदांवर चालतं : सेट अप करा, रोल बॅक करा, स्पिन अप करा, लुक इन्टू करा, साइन ऑफ घ्या. एका कंपनीत आमच्या टीममध्ये कोकणातलाच एक ज्युनिअर होता. रात्रीच्या कॉलवर पलीकडून सांगितलं गेलं, ‘होल्ड ऑफ ऑन द रिलीज’. म्हणजे तूर्त थांबा. त्याला ‘होल्ड’ माहीत होतं, ‘ऑफ’ माहीत होतं. दोन्ही जोडून त्यानं ‘बंद करा’ असा अर्थ लावला आणि रिलीज रद्द करून टाकलं. पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही, कारण विचारणं म्हणजे इंग्रजी येत नाही हे कबूल करणं, अशी शिकवण लहानपणापासून मिळालेली. सगळी रात्र निस्तरण्यात गेली. वर्षअखेरच्या मूल्यमापनात त्याच्या नावापुढे शेरा आला : संवादकौशल्य कमी. त्याचा कोड उत्तम होता. पगारवाढ मात्र त्या शेऱ्याने ठरवली. असे किती जण महाड-पोलादपुरातून, दापोलीतून, जव्हारमधून पुण्या-मुंबईला जाऊन कॉलवर म्यूट होऊन बसतात, याची मोजदाद कुणी करत नाही.

आणि विनोद असा की हे शब्द आमच्या तोंडात आधीपासून आहेत. महाड एमआयडीसीतल्या कामगाराला ‘शटडाउन’ आणि ‘ब्रेकडाउन’ यातला फरक विचारा. पहिलं ठरवून होतं, दुसरं न सांगता येतं. त्याच्या ओव्हरटाइमचा हिशेबच त्यावर असतो. टेम्पोवाल्याकडे ‘पिकअप’ आहे. दहावीच्या मुलांचा ‘सेंडऑफ’ होतो. अकरावीचा ‘कटऑफ’ लागतो. मोबाइलवाला ‘बॅकअप’ घेतो. तलाठी ‘प्रिंटआउट’ मागतो, बँक ‘फॉलोअप’ करते. यातलं प्रत्येक नाम क्रियापदातून आलंय. ‘ब्रेकडाउन झालं’ म्हणणाऱ्याला ‘द बस ब्रोक डाउन’ शिकवायला किती वेळ लागेल? पण कारखान्यातल्या शब्दाला आम्ही इंग्रजी मानत नाही. इंग्रजी म्हणजे गाइडातली.

काही मित्र मला म्हणतात, आपली भारतीय इंग्रजी आहे, ती का बदलायची? मला ती बदलायची नाही. ‘प्रीपोन’ आपण चलनात आणला आणि तो झकास शब्द आहे. ‘मी कॉलेजातून पासआउट झालो’ असं खुशाल म्हणा. फक्त पलीकडच्या इंग्रजाला तुम्ही चक्कर येऊन पडलात असं ऐकू येतं, हे माहीत असू द्या. उच्चाराची लाज बाळगायचं तर काहीच कारण नाही. पण समोरचा काय म्हणाला हे न कळणं याला अस्मितेचं नाव देता येणार नाही.

महाराष्ट्रात २०००पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा कोणती यावरून रान उठलं आणि सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला. कोणती भाषा, कोणत्या इयत्तेपासून, यावर आपण भांडतो. कशी शिकवायची यावर कुणी भांडत नाही. महाडच्या माणसाला तरी कागद आणि वस्तुस्थिती यांतलं अंतर कळायला हवं. इथल्या नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव १९२४चा. पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ला बाबासाहेबांना हजारोंसह तळ्यावर जावं लागलं. माणुसकीच्या त्या लढ्याशी इंग्रजीच्या तासाची बरोबरी होऊ शकत नाही. पण ठरावाने दार उघडत नाही, हा धडा त्याच तळ्याकाठचा आहे. तेच बाबासाहेब, ज्यांनी कोलंबियात आणि लंडनमध्ये प्रबंध इंग्रजीत लिहिले, त्यांनी त्याच एप्रिलमध्ये ‘बहिष्कृत भारत’ मराठीत काढला. दोन भाषांपैकी एकीला घराबाहेर ठेवून दुसरी येते, असं त्यांच्या आयुष्यातून तरी दिसत नाही.

मग करायचं काय? रोज दहा मिनिटं. पुस्तक बंद. मुलांनी काल काय झालं ते आपल्या मराठीत सांगायचं, आणि तेच सर्वांनी मिळून इंग्रजीत न्यायचं. जुलैतल्या एका सकाळी आमच्याकडे एवढा ऐवज सहज निघतो : रात्री लाइट गेली, द पॉवर वेंट ऑफ. पहाटे आली, इट केम बॅक ऑन. गाडी घाटात बंद पडली, द बस ब्रोक डाउन. दरड खाली आली, द हिलसाइड केम डाउन. कपडे आत घेतले, वुई टूक द क्लोद्ज इन. पाणी ओसरलं, द वॉटर वेंट डाउन. परीक्षा पुढे ढकलली, दे पुट ऑफ द एक्झाम. सात वाक्यं झाली, त्यांत पाच छोटी क्रियापदं, आणि एकही गोष्ट परकी नाही. जिथे जोडी जुळत नाही तिथे ती का जुळत नाही यावर बोलावं. लिहून टाक म्हणजे ‘राइट ऑफ’ नव्हे, हे सांगताना दोन्ही भाषा कळतात. शिक्षकाला लंडनचा उच्चार नको, महागडं सॉफ्टवेअर नको. त्याला दोन गोष्टींची परवानगी हवी : वर्गात मराठी बोलायची, आणि एखादा शब्द आला नाही तर ‘मलाही बघावं लागेल’ असं म्हणायची.

पालकांना एक विनंती. पुढच्या वेळी प्रवेश घेताना शाळेला ‘तुमच्याकडे मराठी बोललं तर दंड आहे ना?’ असं विचारू नका. ‘काल माझ्या मुलाने वर्गात स्वतःचं असं काय सांगितलं?’ एवढं विचारा. उत्तर आलं नाही, तर फी कितीही असो, तिथे इंग्रजी शिकवली जात नाहीये.