एवढीशी पिन

उंसाच्या हंगामांत चंदगडाकडे जाण्याचा योग आला, म्हणजे बेळगांव-वेंगुर्ले रस्त्यावर भरलेल्या ट्रॉल्यांच्या मागून जाणें भाग पडतें. हलकर्णीच्या कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर, त्यामागें एक ट्रॉली आणि तिच्यामागें दुसरी. वेळ मोडतो म्हणून आम्हांस पूर्वीं त्रासच वाटे. गेल्या खेपेस मात्र एका चढणीच्या पायथ्याशीं जें पाहिलें, त्यानें त्रास जाऊन काळजी लागली.

दोन ट्रॉल्यांना जोडणारी पिन झिजली होती. चालकानें तिच्या जागीं घरबांधणीच्या सळईचा तुकडा घातला. 'एवढ्यानें काय होतें?' असें म्हणून तो निघालाही. त्याच्यामागें अगदीं चिकटून मोटारसायकलीवर एक जोडपें व त्यांचें लहान मूल होतें.

काय होतें तें साध्या हिशेबानें कळतें. दर २० हातांस १ हात चढण असली, कीं एकंदर वजनाचा विसावा हिस्सा गाडीस मागें खेंचतो. दोन्ही ट्रॉल्यांचें वजन २० टन धरिलें, तर केवळ चढणीपायीं १ टनाची ओढ पडते, व ती सगळी ट्रॅक्टरच्या पिनेवर. त्यांत चाक खड्ड्यांत आदळून हिसका बसला, म्हणजे ही ओढ क्षणभर कितीतरी पटींनीं वाढते. सळई छिद्रांत सैल बसते. प्रत्येक हिसका तिच्यावर हातोड्यासारखा पडतो. ती आधीं वांकते, मग तिला चीर पडते, आणि एके दिवशीं ती तुटते. पुष्कळ ट्रॉल्यांस स्वतःचे ब्रेक नसतात. सुटलेली ट्रॉली मग मागच्यांवरच येते.

अमेरिकेंत मोटार-घरामागें आपली लहान मोटार जोडून प्रवासास निघणारीं कुटुंबें पुष्कळ आहेत. जोडणीचा कोणता भाग किती भार सोशील, याचा आंकडा तेथें त्या त्या भागावर दिलेला असतो. आणि त्यांतील सर्वांत लहान आंकडा तोच सबंध जोडणीचा आंकडा, असें तेथें शिकवितात. शिवाय दांड्याखालून दोन साखळ्या फुलीसारख्या नेऊन दोन्ही गाड्यांच्या सांगाड्यांस अडकवितात. जोडणी तुटली तरी दांडा त्या फुलीवर पडतो. रस्त्यांत रुतत नाहीं, आणि गाडीही मोकाट सुटत नाहीं. साखळी वळणावर ताणूं नये इतकी सैल, परंतु जमिनीस लागूं नये इतकी आंखूड असावी.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांची गांवीं शेती आहे, त्यांनीं आपला ऊंस वाहणाऱ्यास चार गोष्टी अवश्य विचाराव्या: पिन छिद्राच्या मापाची आहे काय? ती उडूं नये म्हणून खालीं कडी घातली आहे काय? साखळ्या आहेत काय? आणि ट्रॉली ट्रॅक्टरच्या खालच्या दांड्यासच जोडली आहे ना? कारण जोडणी उंचावर केली, तर चढणीवर ट्रॅक्टरचीं पुढचीं चाकें उचललीं जातात. ज्यांस शेती नाहीं, त्यांनीं निदान चढणीवर ट्रॉलीच्या पाठीशीं लागूं नये. थोडें अंतर राखावें.

हंगामाच्या पहिल्या गाडीस नारळ फोडतात. तो अवश्य फोडावा. पण त्याआधीं एकदां वांकून पिन पाहावी.