काश्मीर नकाशात आहे, कपाटात कुठे आहे?

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळच्या बैसरन कुरणात दहशतवाद्यांनी २६ जणांची हत्या केली. त्यात महाराष्ट्राचे सहा जण होते आणि त्या सहांतले तिघे डोंबिवलीचे. वसई रोडहून दिव्याची गाडी पकडावी, कोपरला उतरावे, की पुढचेच स्थानक डोंबिवली! त्यामुळे वसई-विरारमध्ये त्या रात्री उमटलेला संताप हा वृत्तपत्र वाचून आलेला संताप नव्हता. तो शेजारघरच्या सुतकाचा होता. धर्म विचारून गोळ्या घातल्याचे वाचलेल्यांनी सांगितले. पर्यटकांना वाचवू पाहणारा एक स्थानिक मुसलमान घोडेवालाही त्यात प्राणास मुकला, हेही सर्वांनी वाचले. निषेध झाले, मेणबत्त्या लागल्या, श्रद्धांजलीचे फलक झळकले. हे सारे योग्यच होते.

प्रश्न त्यानंतरचा आहे. ज्या काश्मीरसाठी इतका संताप येतो, ते काश्मीर या संतप्त मराठी माणसाला कितीसे ठाऊक असते? सुट्टीत सहकुटुंब जाऊन आलेल्याला शिकाऱ्याचा दर ठाऊक असतो, गुलमर्गच्या गोंडोलाची रांग ठाऊक असते. राजकारणाची आवड असलेल्याला कलम ३७० चा इतिहास तोंडपाठ असतो. पण एखाद्या काश्मिरी कवीचे नाव विचारा. एखाद्या काश्मिरी कथेचे नाव विचारा. विरारपासून नायगावपर्यंतच्या कोणत्याही वाचनालयाचे कपाट उघडून काश्मिरी भाषेतून मराठीत आलेले एक तरी पुस्तक शोधा. काश्मीरवरची पुस्तके सापडतील. युद्धाची, मुत्सद्देगिरीची, प्रवासाची सापडतील. काश्मिरी माणसाने आपल्या भाषेत लिहिलेले मात्र क्वचितच सापडेल. काश्मीर हा आमचा अविभाज्य भाग आहे अशी घोषणा देणाऱ्या समाजाने त्या भागाचे वाङ्मय वाचण्याची तसदी घेऊ नये, या विसंगतीचा विचार करण्याची वेळ आता आली आहे.

हे नाते नव्याने जोडायचेही नाही. ते आधीच जोडलेले आहे. ‘संगीतरत्नाकर’ हा भारतीय संगीताचा आधारग्रंथ १३ व्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या राज्यात लिहिला गेला. तो लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाचे आजोबा भास्कर हे काश्मीर सोडून दक्षिणेत आलेले. त्याआधी बिल्हण कवी काश्मीरहून निघून कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी पोहोचला आणि त्याने ‘विक्रमांकदेवचरित’ रचले. ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’त शिवसूत्रांचा नावानिशी उल्लेख केला आहे आणि ही शिवसूत्रे काश्मिरातल्या वसुगुप्ताची देणगी मानली जातात. आनंदवर्धन, अभिनवगुप्त, मम्मट ही नावे वगळून संस्कृत साहित्यशास्त्राचा एक तासही घेता येत नाही. मराठीचे प्राध्यापक रससिद्धान्त शिकवतात तेव्हा ते काश्मीरच शिकवत असतात. फक्त तसे सांगत नाहीत.

मात्र प्राचीन वैभवाची ही उजळणी करून थांबणे हा एक सोयीस्कर पळ आहे. अभिनवगुप्तावर व्याख्यान ठेवणे सोपे असते, कारण त्याला घर सोडावे लागलेले नव्हते. खरा प्रश्न आज जगणाऱ्या काश्मिरी माणसाचा आहे.

१४ सप्टेंबर १९८९ रोजी टिकालाल टपलू यांची श्रीनगरात हत्या झाली. १९ जानेवारी १९९० ची रात्र उजाडेपर्यंत पंडितांच्या घराघरांत बांधाबांध सुरू झाली होती. १३ फेब्रुवारीला दूरदर्शनचे लस्सा कौल मारले गेले. अनंतनाग जिल्ह्यातले सर्वानंद कौल ‘प्रेमी’ हे शिक्षक आणि कवी. त्यांनी भगवद्गीता काश्मिरीत आणली आणि त्यांच्या देवघरात कुराणाचीही प्रत होती, असे सांगतात. त्या वसंतात त्यांना मुलासह घरातून नेऊन ठार करण्यात आले. काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरू मुशीर-उल-हक आणि मीरवाइज मौलवी फारूख हेही त्याच वर्षी मारले गेले. बंदुकीने आधी पंडितांना वेचले आणि मग मतभेद असणाऱ्या कोणालाच सोडले नाही. पुढे वंधामा झाले, नदीमर्ग झाले. सुमारे साठ हजार कुटुंबांची विस्थापित म्हणून नोंद झाली. बर्फाच्या मुलखातून आलेली ही माणसे जम्मूजवळच्या मुठी, मिश्रीवाला, पुरखू येथील तंबूंत उन्हाने होरपळली. कांगडी आणि फेरन यांचा तिथे उपयोग नव्हता. हाख आणि नदरूची चव बाजारात मिळत नव्हती. जगती येथे पक्क्या सदनिकांची वसाहत उभी राहायला २०११ साल उजाडले.

महाराष्ट्राने त्या काळात एक गोष्ट केली आणि ती अभिमानाने सांगावी अशी आहे. युतीच्या राजवटीत, बाळासाहेब ठाकरे यांच्या पुढाकाराने, राज्यातील व्यावसायिक महाविद्यालयांत विस्थापित काश्मिरी विद्यार्थ्यांसाठी जागा राखून ठेवण्यात आल्या. शेकडो घरे त्या पदव्यांवर पुन्हा उभी राहिली. पुण्याच्या ‘सरहद’ संस्थेने खोऱ्यातल्या दहशतग्रस्त मुलांना आणून शिकवले. घर आणि नोकरी यांच्यापुरता हा प्रश्न काही अंशी तरी सुटत आला. भाषेचे काय?

याचे उत्तर शोधायला जम्मूला जाण्याची गरज नाही. वसईच्या खाडीपलीकडे, ठाणे जिल्ह्यातच उल्हासनगर आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी शून्यातून जे उभे केले त्याला तोड नाही. कारखाने उभारले, बाजारपेठ उभारली, मंदिरे व शाळा उभारल्या. १९६७ साली सिंधीला आठव्या परिशिष्टात स्थानही मिळाले. पण लिपी अरबी की देवनागरी, या वादात वर्षे गेली. दरम्यान मुले इंग्रजी शाळांत गेली आणि सिंधी माध्यमाचे वर्ग ओस पडत गेले. आज आजोबांचे सिंधी पुस्तक वाचू न शकणारा नातू त्या गावात घरोघरी भेटतो. पाऊणशे वर्षांत सगळे कमावले आणि हे एक गमावले. काश्मिरी पंडितांना घर सोडून आता पस्तीस वर्षे उलटली आहेत, म्हणजे ते त्या वाटेच्या मध्यावर आहेत. पुण्यात, दिल्लीत, मुंबईत जन्मलेली त्यांची मुले आजीचे बोलणे समजतात, पण उत्तर हिंदीत देतात.

काश्मिरीची अवस्था खोऱ्यातही फार सुखाची नाही. २०११ च्या जनगणनेत सुमारे ६८ लाख लोकांनी ती मातृभाषा सांगितली. पण तिच्याच राज्यात राजभाषेचा मान उर्दूकडे होता. तो काश्मिरीला मिळाला २०२० साली, संसदेने कायदा केल्यावर. स्वायत्ततेच्या नावाने गळा काढणाऱ्या श्रीनगरच्या राजकीय घराण्यांना इतकी वर्षे आपल्याच मातृभाषेसाठी एक कायदा करता आला नाही, हे त्यांच्या काश्मिरियतचे मोजमाप समजावे!

पुरोगामी साहित्यवर्तुळाविषयी काय बोलावे? जगाच्या पाठीवर कुठेही कोणी निर्वासित झाला की कविता लिहिणाऱ्या या मंडळींना आपल्याच देशातल्या निर्वासित कवींची दखल घेताना शब्द सापडत नाहीत. चंद्रकान्ता यांची ‘कथा सतीसर’, क्षमा कौल यांची ‘दर्दपुर’ या कादंबऱ्या हिंदीत आहेत. अग्निशेखर यांच्या कविता हिंदीत आहेत. हिंदी वाचायला मराठी समीक्षकाला दुभाषा लागत नाही. इच्छा लागते.

पण हा बाण एकाच दिशेने सोडणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मार्च २०२२ मध्ये ‘द काश्मीर फाइल्स’ प्रदर्शित झाला तेव्हा राष्ट्रीय विचारांच्या कार्यकर्त्यांनी चित्रपटगृहे भरली, शेजाऱ्यांना नेले, डोळे पुसत बाहेर पडले. त्यातल्या किती जणांनी दुसऱ्या दिवशी एखादे काश्मिरी पुस्तक मागवले? दर १९ जानेवारीला व्याख्यान होते, वक्ता तोच तपशील सांगतो, श्रोते तीच हळहळ व्यक्त करतात आणि सतरंज्या गुंडाळल्या जातात. ज्यांच्यासाठी हळहळायचे त्यांची एक ओळही व्यासपीठावर वाचली जात नाही. विस्थापित हा केवळ पुरावा म्हणून उभा केला जातो. त्याच्या घरी हेरथला अक्रोड का भिजवतात, हे विचारायचे कोणाला सुचत नाही.

यावर कोणी म्हणेल की आधी सुरक्षा, आधी पुनर्वसन, पुस्तके नंतर. काश्मीरचा इतिहास याच्या उलट साक्ष देतो. सिकंदर बुतशिकनच्या काळात मंदिरे फुटली आणि पंडितांना परागंदा व्हावे लागले. त्यानंतर १५ व्या शतकात झैन-उल-आबिदीनने त्यांना परत बोलावले. त्याने केवळ घरेदारे परत केली नाहीत. कल्हणाने ११४८ च्या सुमारास लिहायला घेतलेली ‘राजतरंगिणी’ जिथे थांबली होती तिथून पुढे लिहिण्याचे काम जोनराजाने त्याच्या दरबारात केले. परत आलेल्यांची विद्या दरबारात परत आली, म्हणून त्यांचे परतणे टिकले. उलट, पंतप्रधान योजनेतून नोकरीवर परत गेलेल्यांचे काय झाले? १२ मे २०२२ रोजी चाडूरा येथील तहसील कचेरीत घुसून राहुल भट यांना मारण्यात आले. ज्या समाजात शेजाऱ्याची भाषा आणि आठवण उरत नाही, तिथे परतणारा माणूस छावणीतला पाहुणा ठरतो. बंदोबस्त हवाच, पण बंदोबस्तात राहणे म्हणजे घरी राहणे नव्हे.

हे वसईकराला पटवावे लागू नये. पोर्तुगीज सत्तेची २०५ वर्षे या भूमीने सोसली. देवळे गेली, निर्मळसारखी तीर्थे उजाड झाली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला तो काही महिन्यांच्या वेढ्याने. उजाड झालेले वसवायला मात्र पेशवाईची कित्येक वर्षे खर्ची पडली. आणि या सर्व उलथापालथीत टिकले काय? भाषा टिकली. वसईच्या कुपारी ख्रिस्ती घरांत आजही सामवेदी बोली ऐकू येते. त्याच वसईच्या मातीतून आलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. उपासना वेगळी झालेल्या माणसांना एका अंगणात ठेवणारी हीच ती गोष्ट. काश्मिरात लल्लेश्वरीची वाखे हिंदूने म्हटली, मुसलमानाने म्हटली. रहमान राही यांना ज्ञानपीठ मिळाले तेव्हा विस्थापित काश्मिरी रसिकांनाही ते आपल्याच भाषेचे वाटावे, असे बळ त्या भाषेत आहे. दीनानाथ नादिम, मोतीलाल केमू, हरिकृष्ण कौल यांची नावे खोऱ्यातल्या मुसलमान लेखकांबरोबर एका दमात घेतली जात होती.

लिपीची अडचण सांगितली जाते. खोऱ्यात काश्मिरी फारसी-अरबी वळणाच्या लिपीत लिहितात. विस्थापितांच्या नव्या पिढीला ती येत नाही, म्हणून ते देवनागरीला पर्यायी लिपीची मान्यता मागतात. दोन लिप्यांनी भाषा फुटेल असा त्यावर आक्षेप असतो. पंजाबी गुरुमुखीत आणि शाहमुखीत लिहिली जाते, कोंकणी तर देवनागरी, रोमन आणि कन्नड अशा अनेक लिप्यांत; त्या मेल्या नाहीत. उल्हासनगरात भाषा गेली ती दोन लिप्यांमुळे नव्हे, कोणतीच लिपी मुलांच्या हाती न राहिल्यामुळे. काश्मिरी स्वरांसाठी लागणारी देवनागरी अक्षरे २०१० पासून संगणकाच्या युनिकोड प्रणालीत आहेत. म्हणजे मराठी वाचकाला ललद्यदची मूळ वाखे उच्चारून वाचता येतील, अर्थ शेजारी मराठीत छापता येईल.

काश्मिरी पंडितांचा नवरेह आणि मराठी गुढीपाडवा एकाच दिवशी येतात. त्या पहाटे त्यांच्या घरी तांदूळ, अक्रोड, दही, आरसा, पंचांग आणि लेखणी ठेवलेले ताट सर्वप्रथम पाहायचे असते. वसई-विरारच्या स्वागतयात्रांत दरवर्षी ढोल-ताशे असतात, चित्ररथ असतात. येत्या पाडव्याला एका रथावर ते ताट मांडावे, मुंबईत राहणाऱ्या काश्मिरी कुटुंबांना सन्मानाने बोलावून एखाद्या आजीकडून वाख म्हणवून घ्यावी आणि यात्रेच्या वर्गणीतला काही भाग काश्मिरी कथांच्या मराठी अनुवादासाठी बाजूला काढावा. छापील प्रतींपैकी एकेक प्रत तालुक्यातल्या प्रत्येक वाचनालयाला द्यावी. एका चित्ररथाच्या फुलांना जेवढा खर्च येतो, त्याहून फार अधिक यासाठी लागणार नाही.