यॉर्कशायरचं आडनाव आणि रक्ताचे दलाल

सध्या एक धंदा तेजीत आहे. नळीत थुंकायचं, पैसे भरायचे आणि वाट बघायची. मग कागद येतो. तुम्ही कोण, कुठले, कुणाच्या रक्ताचे, सगळं टक्क्यात मांडलेलं. आपली काही पोरंही असले कागद खिशात घालून फिरायला लागलीत, शिबिरात काढून दाखवायला लागलीत. म्हणून हा लेख. पण मी इथून सुरू करत नाही. थेट इंग्लंडातल्या पूर्व यॉर्कशायरात जातो, कारण या दलालांचं थोबाड तिथं एका आडनावानं फोडलंय.

ते आडनाव दुर्मिळ आहे आणि त्याचं मूळ ठिकाण पूर्व यॉर्कशायर. लिस्टर विद्यापीठात टुरी किंग या बाई आणि मार्क जॉबलिंग ही मंडळी आडनाव आणि वाय गुणसूत्र यांचा संबंध तपासत होती. तर्क साधा होता. इंग्लंडात आडनाव बापाकडून पोराला मिळतं आणि वाय गुणसूत्रही बापाकडून पोरालाच मिळतं. दोन्ही एकाच गाडीतून चाललेत. मग आडनाव सारखं तर गुणसूत्रही सारखं निघायला पाहिजे. निदान दुर्मिळ आडनावात तरी, कारण तिथं मूळ पुरुष एखादाच असण्याचा संभव जास्त.

नमुने तपासता तपासता एका गोऱ्या इंग्रजाचं गुणसूत्र असं निघालं की प्रयोगशाळेतल्यांनी कपाळाला हात लावला असणार. ए-१ नावाचा गट. माणसाच्या बाप-शाखेच्या झाडावरची तेव्हा सगळ्यात खोल मुळाची मानलेली फांदी. हा गट आफ्रिकेचाच, असं शास्त्र तोवर मानत होतं. पश्चिम युरोपात त्याची एकही नोंद नव्हती. आफ्रिकेतल्या नमुन्यांशी ताडून पाहिलं तर बोट पश्चिम आफ्रिकेकडं गेलं. त्या भल्या माणसाला आपल्या घराण्यात आफ्रिका आहे याचा पत्ता नव्हता.

मग त्याच आडनावाचे आणखी १८ पुरुष गाठले. त्यातल्या ७ जणांकडं तेच आफ्रिकी गुणसूत्र. ११ जणांकडं नाही. चर्चच्या आणि सरकारी नोंदी उकरून वंशावळी लावल्या तेव्हा त्या सातांची दोन घराणी झाली. दोन्हींचे मूळपुरुष अठराव्या शतकाच्या अखेरीस यॉर्कशायरात होते आणि त्यांच्या आधी काही पिढ्यांवर कुठंतरी ही दोन घराणी एकत्र मिळत होती. २००७ साली हे सगळं ‘युरोपियन जर्नल ऑफ ह्यूमन जेनेटिक्स’मध्ये छापून आलं. अस्सल म्हणवणाऱ्या ब्रिटिशांत आफ्रिकी पूर्वजाचा जनुकीय पुरावा पहिल्यांदाच मिळाला होता. त्या लेखात आडनाव छापलेलं नाही. मीही छापत नाही. वर्तमानपत्रांना चघळायला माणूस लागतो, आपल्याला मुद्दा पुरे.

आता बघा, एकाच आडनावाचे सात इकडं आणि अकरा तिकडं. दुर्मिळ आडनाव, एका कोपऱ्यातलं, म्हणजे शुद्धतेचा दावा करायला याहून सोयीचं दुसरं काय असणार? आणि तेच मधोमध फाटलं. हा आफ्रिकी पूर्वज यॉर्कशायरात आला कसा? संशोधकांनी एकही वाट बंद केली नाही. कदाचित गुलामांच्या व्यापाराच्या काळात आला. कदाचित त्याच्याही फार आधी. हेड्रियनच्या भिंतीवर अबलावा नावाच्या ठाण्यात तिसऱ्या शतकात मूर शिपायांची तुकडी होती. रोमचा सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस जन्मला लिबियातल्या लेप्टिस मॅग्नाला आणि इ.स. २११ साली मेला तो ह्याच यॉर्क शहरात. आठव्या हेन्रीच्या दरबारात जॉन ब्लँक नावाचा काळा तुतारीवाला होता. १५११ च्या वेस्टमिन्स्टरच्या शाही खेळांची लांबलचक चित्रगुंडाळी आहे, तिच्यात तो घोड्यावर बसून तुतारी वाजवताना रंगवलाय. काळ्या माणसाचं आडनाव ब्लँक, म्हणजे पांढरा. नाव ठेवणाऱ्यांची चेष्टा तिकडंही अशीच असते, लेको.

आणि तरी विलायतेतले गोरे छाती पुढं काढून सांगणार, की १९४८ साली ‘एम्पायर विंडरश’ बोट टिलबरीला लागली आणि तेव्हापासून आमचा देश बाटला!

मुळात ही आडनावं आली कुठून? १०६६ साली नॉर्मन आले, जिंकले, जमिनी वाटून घेतल्या. वंशपरंपरेनं आडनाव लावायची रीत आधी या जमीनवाल्यांची. जमीन पोराला द्यायची तर नावही लागतं. खालच्याला कसली जमीन आणि कसलं नाव! तो नुसता जॉन. गिरणीजवळचा जॉन, लोहाराचा जॉन, लंगडा जॉन. सन १४०० च्या आसपास बहुतेक इंग्रज घरांत आडनाव स्थिर झालं. मधल्या काळात राजानं डोईपट्टी बसवली होती, १३७७, १३७९ आणि १३८१ ला. कर बुडवू नये म्हणून माणसांची नावं लिहिली. आज आडनावाचं मूळ शोधणारे विद्वान ज्या याद्या हुंगत बसतात, त्यातल्या पुष्कळ या करवसुलीच्या याद्या आहेत. १५३८ पासून चर्चनं जन्म-लग्न-मरणाच्या वह्या ठेवल्या. झाली आडनावं पक्की. कुणी धंद्यावरून, कुणी बापावरून, कुणी टोपणनावावरून, कुणी गावावरून. आपण गावापुढं ‘कर’ जोडतो, ते गावच लावतात.

गावावरून पडलेली आडनावं बऱ्याचदा दुर्मिळ राहतात, कारण गाव एक, बाहेर पडलेला माणूस एक. नॉटिंगहॅमशायरात अ‍ॅटनबरो नावाचं गाव आहे, त्यावरून अ‍ॅटनबरो. किंग आणि जॉबलिंग यांनी २००९ साली ४० आडनावांचे १६७८ पुरुष तपासून निष्कर्ष छापले. अ‍ॅटनबरोंमध्ये दहातले जवळजवळ नऊ एकाच गुणसूत्राचे निघाले. स्मिथ मात्र एकमेकांचे कुणीच नाहीत. लोहार गावोगाव होते, तेव्हा स्मिथही गावोगाव झाले.

दुर्मिळ आडनाव हे कुळाच्या मोठेपणाचं लक्षण नव्हे. एखाद्याला सगळ्या मुलीच झाल्या, एखादा साथीत गेला, एखादा बोटीवर चढला तो परतला नाही, की एक फांदी गळते. नशीब आणि मरण यांचा हिशेब, बाकी काही नाही. हा हिशेब पहिल्यांदा मांडायला कोण निघाला माहीत आहे? फ्रान्सिस गाल्टन. १८७३ साली त्यानं गणित्यांना कोडं घातलं, मोठमोठी आडनावं नाहीशी का होतात? १८७४ ला वॉटसन नावाच्या पाद्र्याला बरोबर घेऊन उत्तर छापलं. उत्तर चुकलं होतं. वॉटसनच्या गणितात सगळीच आडनावं शेवटी मरत होती. पण मला चुकीत रस नाही, काळजीत आहे. या गड्याला घोर कशाचा, तर वरच्या घराण्यांचा वंश खुंटतोय याचा. चांगल्या रक्ताची पैदास वाढवा, वाईटाची थांबवा, या विचाराला १८८३ साली नाव देणारा तोच. त्याचे पुढं कुठं कुठं काय निकाल लागले ते तुम्हाला सांगायला नको.

आडनावांचा भूगोलही असाच लिहिला गेला. हेन्री गपी यानं १८९० साली इंग्रजी आडनावांची घरं कुठं आहेत यावर ग्रंथ केला. जिल्हावार, मेहनतीचा. पण त्यानं मोजले कोण? शेतीवाले. का, तर हा वर्ग जागा सोडत नाही. शेतमजूर, खाणीतले, गिरणीतले, रस्त्यावरचे त्याच्या हिशेबात नाहीत. दुर्मिळ आडनावंही त्यानं वगळली, आकडा लहान म्हणून. म्हणजे ज्याच्याकडं जमीन त्याचा नकाशा. पोटासाठी गाव सोडणाऱ्याला नकाशातही जागा नाही. १८८१ ची शिरगणती संगणकावर चढवली तेव्हा कुठं ही बाकीची माणसं नकाशावर दिसायला लागली.

यॉर्कशायरातलंच दुसरं आडनाव घ्या. लॅसेल्स. हे मूळचं नॉर्मन, म्हणजे परदेशीच. पण त्याला कुणी परकं म्हणत नाही, कारण त्याच्याकडं हेअरवुडचा वाडा आहे. १७५९ ला बांधायला घेतलेला. पैसा वेस्ट इंडीजचा, बार्बाडोसच्या उसाचा, गुलामांच्या पाठीवरचा. १८३३ साली गुलामी मोडण्याचा कायदा झाला तेव्हा सरकारनं दोन कोटी पौंड नुकसानभरपाई दिली. कुणाला? मालकांना! हेअरवुडच्या अर्लला १२७७ माणसांच्या बदल्यात २६ हजार पौंडांच्या वर मिळाले. गुलामांच्या नोंदवह्यांत बहुतेकांना आडनावच नाही. आडनाव पुढं मिळालं ते बऱ्याचदा मालकाचं, नाहीतर त्याच्या इस्टेटीचं. नट डेव्हिड हेअरवुड याचे पूर्वज बार्बाडोसला ह्याच अर्लच्या मळ्यावर राबलेले. त्याचं आडनाव त्या वाड्याचं आहे. आता सांगा, हे आडनाव कुणाच्या रक्ताची खूण झालं? ती मालकीची डागणी आहे, गुराला देतात तशी.

आणि राजांचं तरी काय? २०१२ साली लिस्टरला मोटारी लावायच्या जागेखाली तिसऱ्या रिचर्डचा सांगाडा सापडला. जनुकं तपासायला पुन्हा ह्याच किंग बाई. बहिणीकडून आलेल्या बायकांच्या ओळीनं मेळ बसला. पुरुषांच्या ओळीनं मात्र नाही. ब्यूफोर्टच्या ड्यूकच्या घराण्यातले पाच वंशज तपासले, एकाचंही वाय गुणसूत्र राजाशी जुळलं नाही. वर पाचातला एक उरलेल्या चौघांशीही जुळला नाही. २०१४ ला हे छापून आलं. कागदावर ड्यूक, शिक्क्यावर ड्यूक आणि मधे कुठंतरी बाप दुसराच. यात त्या बायांची बदनामी शोधणाऱ्यांनी आपलं डोकं तपासून घ्यावं. फुटलंय ते रक्ताच्या शुद्धतेचं मडकं.

आता आपल्याकडं येतो. आडनावाचा भूगोल आपल्याला कुणी शिकवायला नको. भाड्यानं खोली बघायला गेलो की नाव विचारतात, मग पूर्ण नाव, मग गाव. मला एका घरमालकानं गावानंतर तालुका विचारला आणि तालुक्यानंतर, गावात घर कुठल्या बाजूला, हे विचारलं. खोली मिळाली नाही हे सांगायला नको. गपीचा ग्रंथ त्यानं वाचलेला नव्हता.

हा छळ सोसलेली आपली पोरं आता म्हणतात, डीएनएनं सिद्ध झालंय, ते परके, आपण मूळचे. आधार कशाचा, तर २००१ सालच्या मायकेल बामशाद यांच्या संशोधनाचा. तो पेपर खोटा आहे असं मी म्हणत नाही. आंध्रातल्या विशाखापट्टणम जिल्ह्यातले नमुने, त्यात वरच्या जातींची बाप-ओळ युरोपीयांच्या जास्त जवळ निघाली, आई-ओळ आशियातली. ठीक. पण वाय गुणसूत्र ही एकच ओळ असते. दहा पिढ्या मागं गेलात तर कागदावर तुमचे १०२४ पूर्वज होतात आणि गुणसूत्र त्यातल्या एकाचंच सांगतं. त्या यॉर्कशायरच्या सातांना या हिशेबानं आफ्रिकेला पाठवायचं का? तिथले गोरे गुंड हेच तर मागतात, की मूळचे राहा, परके निघा. त्यांची काठी उचलून इथं कशाला फिरवता?

आणि बाबासाहेबांनी हा प्रश्न कधीच निकालात काढलाय. रिझ्ली नावाचा साहेब १९०१ च्या शिरगणतीचा आयुक्त होता. नाक जितकं रुंद तितकी जात खाली, असला शोध त्यानं लावला. (त्याचंही आडनाव गावावरचं. डर्बिशायरात रिझ्ली आहे.) १९३६ ला ‘जातिप्रथेचे उच्चाटन’मध्ये बाबासाहेबांनी द. रा. भांडारकरांच्या निबंधाचा दाखला देऊन शुद्ध रक्ताची जातच इथं उरलेली नाही हे मांडलं. १९४६ ला शूद्रांवरच्या ग्रंथात आर्य वंशाच्या सिद्धान्ताची चिरफाड केली. १९४८ ला अस्पृश्यांवरच्या ग्रंथात नाकाच्या मोजमापाचेच आकडे घेऊन दाखवलं, की हे शास्त्र खरं धरलं तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. शत्रूचीच पट्टी घेऊन शत्रूचंच माप काढलं. आणि आपण ती टाकलेली पट्टी पुन्हा उचलून स्वतःचं नाक मोजतोय.

जात रक्तात असती तर घरमालकाला तालुका विचारावा लागला नसता. रक्तात दिसत नाही म्हणूनच तो आडनाव विचारतो. जात धर्मग्रंथात आहे, लग्नाच्या बाजारात आहे, जमिनीच्या सातबाऱ्यावर आहे. तिथं जाऊन भांडायचं सोडून नळीत काय थुंकताय?

पुढच्या शिबिरात बामशादचा कागद कुणी वाचणार असेल, तर त्याच बैठकीत २००७ चा हा यॉर्कशायरचाही वाचा. मराठी सारांश मी करून देतो. झेरॉक्सचे पैसे तेवढे कुणीतरी उचला.